शब्दचर्चा : 'अनुमान' म्हणजे अंदाज नव्हे, मग काय?

(बोलणाऱ्यांची नावे त्यांच्या गावांवरून दिली आहेत.)

भुसावळ : डोळ्यांना मिळालेल्या अपुऱ्या खुणांवरून मेंदू समोरची वस्तू ठरवून टाकतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकात याला 'अनकॉन्शस इन्फरन्स' म्हटले. मराठीत 'अबोध अनुमान' केले तर दिङ्नाग-धर्मकीर्ती हे बौद्ध तर्कपंडित वाचणाऱ्याला खटकेल का?

जळगाव : खटकेल. आधी रोजच्या भाषेतला गोंधळ दूर करू. हिंदीच्या वळणाने 'यंदाच्या कापसाचे अनुमान' म्हणतात, तो नुसता अदमास. नजरअंदाज पैसेवारी हाही अदमासच. अनुमान म्हणजे अनु + मान, मागाहून केलेले मापन : आधी खूण दिसते, मग तिच्या आधाराने न दिसणारे कळते. त्या खुणेला हेतू म्हणतात (इथे 'उद्देश' हा अर्थ डोक्यातून काढा).

हेतूला तीन कसोट्या आहेत, त्यांना त्रैरूप्य म्हणतात. 'डोंगरावर आग आहे, कारण धूर आहे' हेच घ्या. पहिली, पक्षधर्मत्व : धूर त्याच डोंगरावर (हा 'पक्ष') असायला हवा. थंडीत पहाटे सातपुड्याच्या पायथ्याशी दिसते ते धुके असेल तर? नुसती शंका असली तरी हेतू 'संदिग्धासिद्ध' (शंकेमुळे सिद्ध न झालेला), तिथेच थांबायचे. दुसरी, सपक्षे सत्त्व : आग असलेल्या निदान एका ठिकाणी धूर आढळलेला हवा. ग्रंथांत स्वयंपाकघर येते, आपण भरताची वांगी भाजायला पेटवलेल्या पऱ्हाट्या घेऊ. तिसरी, विपक्षे असत्त्व : आग नाही तिथे धूर एकदाही नको, जसा तापीच्या डोहात नसतो. दुसरीत सवलत आहे, तिसरीत अजिबात नाही. बहुतेक चुका इथेच होतात. 'आग आहे म्हणून धूर असणार' असे उलटे केले, की भट्टीतून काढलेला लालबुंद फाळ आडवा येतो : आग आहे, धूर नाही. हेतू अनैकांतिक, म्हणजे दोन्हीकडे सापडणारा, ठरला.

हेतू सपक्षात सगळीकडे, काही ठिकाणी की कुठेच नाही, आणि विपक्षातही तसेच : दिङ्नागाच्या हेतुचक्रात (हेतूंच्या तक्त्यात) अशा ९ शक्यता आहेत. टिकतात त्या २, दुसरी आणि आठवी. २ विरुद्ध (उलटेच सिद्ध करणाऱ्या), उरलेल्या ५ अनैकांतिक.

धुळे : म्हणजे पाठ्यपुस्तकातले 'निगामी अनुमान'च (डिडक्शन) की, भाऊ.

जळगाव : अर्धेच. आकारिक तर्कशास्त्रात आधारविधाने खोटी असली तरी युक्तिवाद वैध असू शकतो. इथे डोंगरावर धूरच नसेल तर सगळा हेत्वाभास, म्हणजे फसवा हेतू. आणि न्याय दर्शनातल्या अनुमानाच्या पाच अवयवांतले 'निगमन' (शेवटचा निष्कर्ष) हे वेगळेच प्रकरण, त्याची 'निगामी'शी गाठ घालू नका.

चाळीसगाव : थोडे विषयांतर. दाराशी दोन दगडी हत्ती असलेल्या मठात दिङ्नाग पुष्कळदा राहिल्याची नोंद चिनी प्रवासी श्युआनझांगने (ह्युएन त्संग) केली आहे. तो मठ अजिंठ्याचाच, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

शिरपूर : तिसऱ्या कसोटीला मानसशास्त्रातला दाखला आहे. मानसशास्त्रज्ञ वेसनने १९६६ मध्ये मांडलेल्या कोड्यात चार पत्ते असतात, प्रत्येकाच्या एका बाजूला इंग्रजी अक्षर, दुसऱ्या बाजूला संख्या. दिसतात ते : ए, के, ४, ७. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या. तपासायला कोणते उलटाल? उत्तर ए आणि ७. पुष्कळ जण ए आणि ४ उलटतात. ४ म्हणजे सपक्ष : मागे स्वर निघाला काय, व्यंजन निघाले काय, नियम मोडत नाही. ७ म्हणजे विपक्ष, आणि लोक नेमके तोच सोडतात.

धुळे : पण त्या कोड्यात डोंगर कुठे आहे? पक्षच नाही.

शिरपूर : बरोबर. ती फक्त व्याप्तीची ('जिथे धूर तिथे आग' अशा अटळ संबंधाची) तपासणी झाली, पूर्ण अनुमान नव्हे.

चोपडा (मूळ प्रश्नाला धरून) : ताई, भेद ओळखायची सोपी रीत सांगते. धूर नसून धुके आहे हे कळताच अनुमान मागे घेतले जाते. म्युलर-लायरच्या दृष्टिभ्रमातल्या, टोकांना बाणासारखे पंख असलेल्या दोन रेघा मात्र पट्टीने मोजून सारख्या निघाल्या, तरी डोळ्याला लहानमोठ्याच दिसत राहतात. तिथे हेतू तपासलेला नाही, व्याप्ती आठवलेली नाही. दिङ्नागाच्या मते प्रत्यक्ष 'कल्पनापोढ', म्हणजे नाव, जात अशी कल्पना न मिसळलेले. 'ही अमुक वस्तू' हे ठरते ते त्यानंतर, आणि धर्मकीर्तीचा टीकाकार धर्मोत्तर त्याला अध्यवसाय (निश्चय) म्हणतो. हेल्महोल्ट्झचे म्हणणे याच्या जवळ बसते.

भुसावळ : 'अबोध अध्यवसाय' लिहिले तर वाचणाऱ्याला चिकाटी वाटेल. 'नकळत निश्चिती'?

चोपडा : चालेल. वेतननिश्चिती आठवली तरी अर्थ बिघडत नाही. पहिल्यांदा येईल तिथे कंसात 'अध्यवसाय' द्या.