मदत हवी आहे : बिल्बाओचा 'बॉम्बिन' फ्रेड पेंटलंड

नमस्कार मंडळी. आमच्या दिवाळी अंकासाठी फ्रेड पेंटलंडवर लेख लिहितेय. हा इंग्लंडचा माजी फुटबॉलपटू 1914 मध्ये जर्मनीत प्रशिक्षक म्हणून गेला, महायुद्ध पेटलं आणि बर्लिनजवळच्या रूहलेबेन छावणीत अडकला. रेसकोर्सवरची ती छावणी! तिथेच इंग्लंडचा आणखी एक नामवंत फुटबॉलपटू स्टीव्ह ब्लूमरही कैदेत होता, आणि कैद्यांनी फुटबॉल काही सोडला नाही.

पुढे पेंटलंड स्पेनमध्ये अॅथलेटिक बिल्बाओ या फुटबॉल क्लबचा प्रशिक्षक झाला. लांब लाथा मारण्यापेक्षा छोटे पास, हा त्याचा आग्रह. 1930 आणि 1931 अशी सलग दोन लीग विजेतेपदं, 1931 मध्ये बार्सिलोनावर 12-1! मोठा सामना जिंकला की खेळाडू त्याची बोलर हॅट (गोल, कडक टोपी; स्पॅनिशमध्ये 'बॉम्बिन', म्हणून त्याचं हे टोपणनाव) तुडवून चपटी करत. मला हा माणूस फार आवडतो.

आता अडचण अशी, की मला मिळतंय ते सगळं इंग्रजी बाजूचं. बिल्बाओत किंवा आसपास राहणारं कुणी मराठी इथे आहे का? क्लबच्या सॅन मामेस स्टेडियममधल्या संग्रहालयात त्याच्याबद्दल काय मांडलंय, ते पाहून सांगाल का? त्या काळच्या स्पॅनिश वृत्तपत्रांतलं चार ओळींचं भाषांतर कुणी करून दिलं तरी मोठी मदत होईल. खेळाडू सरावात नेमकं काय करत, हे मला त्यांच्याच बाजूने लिहायचंय.