मदत हवी आहे: शनिवारी रेसिंग, सोमवारी कॉलेज, आणि मुलाला व्हायचंय पोलीस (नॉर्थ कॅरोलायना)

कॉनकॉर्डकर

नमस्कार मंडळी. मी इथे एरवी वाचनमात्र असतो. विषय जरा चमत्कारिक आहे. ओळखीतल्या मराठी लोकांत काढला तर निम्मे हसतात, उरलेले "अजून वेळ गेलेली नाही, कॉम्प्युटर सायन्सला टाका" म्हणतात. म्हणून इथे विचारतोय.

आम्ही शार्लटजवळ कॉनकॉर्डला राहतो. मी मूळचा कोल्हापूरचा, इथे बँकेत आयटीत आहे. थोरला मुलगा १९ वर्षांचा, जन्म इथलाच. शार्लट मोटर स्पीडवे घरापासून दहा मिनिटांवर आणि नॅस्कारच्या (अमेरिकेतली मोटार शर्यतींची मोठी संस्था) बहुतेक टीमांची वर्कशॉपं याच पट्ट्यात, त्यामुळे पोरगं रेसिंगला लागलं यात नवल नाही. अकराव्या वर्षी बँडोलेरो (पोरांसाठीची छोटी रेसिंग गाडी), मग लेजंड्स (जुन्या फोर्ड-शेवरलेची ५/८ मापाची प्रतिकृती, आत यामाहा मोटरसायकलचं इंजिन), आणि गेली दोन वर्षं स्ट्रीट स्टॉक (रस्त्यावरच्या जुन्या गाडीची केलेली रेस कार). शनिवारी रात्री बहुतेक हिकरीला जातो. तो ट्रॅक १९५१ पासूनचा, एक फेरी मैलाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांनी जत्रेतला मौत का कुआँ जमिनीवर पसरून त्यात वीस गाड्या एकदम सोडल्या आहेत अशी कल्पना करावी.

आता पोलीस. माझे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले. लहानपणी सुट्टीत कोल्हापूरला गेलो की त्यांच्या जुन्या पट्ट्याच्या बक्कलला ब्रासो लावायचं काम नातवाकडे असायचं. तेव्हापासून हे खूळ डोक्यात आहे आणि ते गेलं नाही. सध्या कम्युनिटी कॉलेजात क्रिमिनल जस्टिसचं दोन वर्षांचं असोसिएट करतोय, मे महिन्यात संपेल. त्याच महिन्यात वीस पूर्ण.

तर अडचण अशी. त्याला मेनंतर सरळ बीएलईटीला (पोलीस होण्याआधीचं राज्याचं सक्तीचं प्रशिक्षण) जायचंय. त्याच्या आईचं म्हणणं, यूएनसी शार्लट विद्यापीठात ट्रान्सफर घेऊन चार वर्षांची डिग्री पुरी कर. आणि दोघांपैकी कुणाचंही ऐकलं तरी गाडीचं काय? गेल्या मोसमात टायर, इंधन, एंट्री, दुरुस्ती धरून ९ हजार डॉलर गेले. सातवा आला त्या रात्री जे बक्षीस मिळालं त्यात ट्रेलर ओढून नेल्याचं डिझेलही सुटलं नाही. अभ्यासाचं म्हणाल तर सोमवारची असाइनमेंट रविवारी पहाटे दोनला, अंगाला रबराचा वास येत असताना लिहिली जाते. ग्रेड बी आणि सीच्या मध्ये लोंबकळतोय.

शिवाय तीन गोष्टी सांगायला लाज वाटते, पण अर्धवट सांगून उपयोग नाही. एक, हायवेवर ६५ च्या जागी ७९ ने चालवल्याचं तिकीट. वकिलाने ते "इम्प्रॉपर इक्विपमेंट"वर (गाडीच्या उपकरणात दोष, म्हणजे किरकोळ गुन्हा) आणून मिटवलं. दोन, गेल्या जूनमध्ये एका शर्यतीनंतर पिटमध्ये (ट्रॅकवर गाड्या दुरुस्त करायची जागा) दुसऱ्या ड्रायव्हरला धक्काबुक्की. पोलीस केस नाही, पण कुणीतरी व्हिडिओ फेसबुकवर टाकला आहे. तीन, क्रेडिट कार्डावर टायरचे ३४०० डॉलर. हे मला मागच्या महिन्यात कळलं.

या तीन गोष्टींनी दार बंद होतं का? आणि गाडी विकायची का?

खवट_पुणेकर

दोन्हीकडे गाडीच फिरवायची आहे, फरक इतकाच की एकीकडे पगार मिळतो. निर्णय सोपा आहे.

ट्रायॅड_ताई

कॉनकॉर्डकर दादा, मी एका काउंटीत ९११ चे (आणीबाणीचा नंबर) कॉल घेते, नऊ वर्षं झाली. अधिकारी नाही, पण भरतीची मुलं रोज बघते.

आधी तुमच्या लाजेच्या गोष्टी. अर्जाबरोबर एफ-३ नावाचा वैयक्तिक इतिहासाचा फॉर्म भरावा लागतो आणि बॅकग्राउंड तपासणारा माणूस तो ओळन् ओळ वाचतो. एका तिकिटाने सहसा कुणी बाद होत नाही. पण वकिलाने काय करून दिलं ते लिहून मूळ काय लागलं होतं ते गाळायचं, हे करू नका. दोन्ही लिहायचं. मुलं बाद होतात ती केलेल्या गोष्टींपेक्षा लपवलेल्या गोष्टींनी. फेसबुकचा व्हिडिओही तसाच. तो सापडणारच आहे, तर मुलाने स्वतः सांगितलेला बरा. मला खरी काळजी कर्जाची वाटते, कारण पैशाच्या अडचणीतला पोलीस कुठल्याच खात्याला नको असतो. ३४०० म्हणजे आभाळ कोसळलेलं नाही, पण अर्ज करेपर्यंत तो आकडा दर महिन्याला खाली येताना दिसला पाहिजे. आणि तुम्ही फेडू नका, त्यालाच फेडू दे.

डिग्रीचं: इथे राज्याची किमान अट हायस्कूलचीच आहे, असोसिएट म्हणजे आधीच जास्त. चार वर्षांची डिग्री पुढे बढतीला आणि बऱ्याच ठिकाणी पगाराला उपयोगी पडते, आणि कित्येक खाती नोकरीत असताना फीचा काही भाग देतात. बीएलईटीला वीस वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तो मेमध्ये बसतो. हायवे पट्रोल (राज्याचे महामार्ग पोलीस) डोक्यात असेल तर तिथे एकवीस. आधी एखाद्या खात्याकडून स्पॉन्सरशिपचं पत्र मिळवा, कम्युनिटी कॉलेजची फी माफ होते.

शनिवारचं मात्र कडू आहे. प्रशिक्षणात हजेरी फार कडक असते. साधारण पाच-सहा महिने रेसिंग विसरायचं. नंतर बारा तासांच्या पाळ्या, नव्यांना बहुधा रात्रीच्या. पण आमच्याकडे रोटेशन असं आहे की एकाआड एक वीकेंड मोकळा मिळतो. म्हणजे दर शनिवारी गुण जमवायची पॉइंट्सची चॅम्पियनशिप गेली, रेसिंग जात नाही. हे त्याला नीट समजावून सांगा, कारण या वयात पोरांना सगळं तरी हवं असतं किंवा काहीच नको असतं.

स्पॅनर_आणि_पाना

ताईंना +१. मी मूर्सव्हिलला एका रेस शॉपमध्ये काम करतो, शनिवारी मित्राच्या पिटमध्ये फुकट हमाली.

दादा, गाडी विकू नका, भाड्याने द्या. ट्रॅकवर दर मोसमात दोन-चार पोरं असतात ज्यांच्याकडे पैसे आहेत पण गाडी-ट्रेलर नाही. मुलगा प्रशिक्षणात असेल ते सहा महिने गाडीने स्वतःचा खर्च काढावा. फक्त मोडतोड कोण भरणार ते कागदावर घ्या, मराठी भिडेखातर तोंडी नको. अन् लेट मॉडेलला (स्ट्रीट स्टॉकच्या वरचा, महागडा वर्ग) जायचा विचार असेल तर तो आजच सोडा. तिथे तुमचे ९ हजार दोन महिन्यांत दिसेनासे होतील.

शिक्षण आणि रेसिंग एकत्र होतच नाही असं नाही. राजा कॅरुथने मार्च २०२४ मध्ये लास व्हेगासला नॅस्कारच्या ट्रक सीरिजची शर्यत जिंकली तेव्हा तो विन्स्टन-सेलम स्टेट विद्यापीठात शिकत होता. नॅस्कार ड्रायव्हर रायन न्यूमन पर्ड्यू विद्यापीठाचा इंजिनिअर. १९९२ चा नॅस्कार चॅम्पियन ॲलन कुलविकी मेकॅनिकल इंजिनिअर होता. पण ही नावं वहिनींना सांगताना हेही सांगा की या तिघांना रेसिंगच करायचं होतं. तुमच्या मुलाला नाही, ही तुमची जमेची बाजू. त्याला नोकरी दुसरीच हवी आहे, रेसिंग हा नाद आहे. नादाला नादाचं बजेट.

डोक्याला मार कधी बसलाय का ते विचारा आणि तो नोंदवलेला आहे का तेही. वैद्यकीय तपासणी होते. हेल्मेट आणि बेल्टवरच्या तारखा आजच जाऊन बघा, घरोघरी तीच बोंब असते. कानात प्लग घालतो का? ऐकण्याचीही तपासणी असते.

अवांतर: ज्युनियर जॉन्सनची गोष्ट मुलाला माहीत असेलच. नॉर्थ कॅरोलायनातल्याच विल्क्स काउंटीचा, चोरटी दारू गाडीतून पळवता पळवता ड्रायव्हिंग शिकला. रस्त्यावर पोलिसांच्या हाती लागला नाही, १९५६ मध्ये बापाच्या दारूभट्टीवर पकडला गेला. तुरुंगात गेला, सुटला, मोठा ड्रायव्हर झाला, आणि १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगनने माफी दिली. हा खेळच पोलिसांना चुकवण्यातून वाढला, आणि तुमचं पोरगं पलीकडच्या गाडीत बसायला निघालंय!

खवट_पुणेकर

अवांतर आवडलं. वरचा प्रतिसाद अर्धा मागे घेतो.

कॉनकॉर्डकर

सगळ्यांचे आभार. काल रात्री धागा त्याला वाचून दाखवला (मराठी समजतं, वाचता येत नाही). तिकीट आणि धक्काबुक्की दोन्ही लिहीन म्हणाला. कर्जाच्या वेळी खाली मान. भाड्याचं ऐकल्यावर पहिला प्रश्न, "कोण चालवणार माझी गाडी?" म्हणजे पोलीस व्हायला तयार आहे, पण स्टीअरिंग दुसऱ्याच्या हातात द्यायला नाही. एकाआड एक शनिवार मात्र चालेल म्हणाला, लगेच फोनवर कॅलेंडर काढून बसला.

हेल्मेट ठीक निघालं. बेल्टची तारीख उलटून गेली होती. मी दर शनिवारी तो बेल्ट स्वतःच्या हाताने आवळतो आणि एकदाही पाहिली नाही.

त्याची आई डिग्रीवर अडून होती, आता "नोकरीत राहून पूर्ण करेन असं लिहून दे" इथवर आली आहे. स्पॉन्सरशिपसाठी दोन खात्यांना ईमेल टाकलेत. आबांना कोल्हापूरला फोन केला तर ते म्हणाले, "रात्रपाळीत जेवणाचा डबा कोण देणार त्याला?" बाकी काही विचारलं नाही.

ताई, एक शेवटचं. एफ-३ मध्ये त्या जूनच्या प्रकाराला जागा पुरणार नाही असं तो म्हणतो, सगळी गोष्ट लिहायची आहे त्याला. वेगळा कागद जोडला तर चालतो ना?

ट्रायॅड_ताई

चालतो. पण समोरच्याने आधी कशी धडक दिली इथून सुरुवात करू नको म्हणावं. स्वतः काय केलं ते पहिल्या ओळीत.