हाफ नोटला दोन मात्रा, हे सात वर्षांच्या मुलाला कसं पटवायचं?

काळीपांढरी
मी कीबोर्ड शिकवते. आतापर्यंत सगळे विद्यार्थी मोठे होते. होल, हाफ, क्वार्टर, एट्थ या नोटांना (स्वरांच्या लांबीच्या चिन्हांना) चार, दोन, एक, अर्धी मात्रा असा तक्ता वहीत उतरवून दिला की काम भागायचं. यंदा सहा-सात वर्षांची चार मुलं एकदम आलीत आणि त्या तक्त्यानेच घात केलाय.

फळ्यावर पोकळ गोळा काढला, त्याला दांडी दिली आणि म्हटलं, "ही हाफ नोट, म्हणजे अर्धी. हिला दोन मात्रा." एक जण लगेच म्हणाला, "अर्धी आहे तर दोन कशा?" अपूर्णांक त्यांच्या शाळेत अजून यायचेत. मग कागदाची गोल चकती कापून दाखवली. चकती सगळ्यांना कळली, नोट कुणालाच नाही. टाळ्यांवर घ्यायला गेले तर हाफ नोटला सरळ दोन टाळ्या. चौघांच्याही! कुणी लहानांना शिकवत असाल तर सांगा.

दीडमात्रा
नावं सांगूच नका सुरुवातीला. क्वार्टरला 'ता', दोन एट्थ जोडून आल्या की 'ती-ती', हाफला 'ता-आ'. हंगेरियन संगीतकार कोडाय यांच्या नावाच्या शिकवण्याच्या पद्धतीत हेच बोल वापरतात. आधी तोंडात बसू द्या, मग चिन्ह दाखवा, नाव सगळ्यात शेवटी.

गजवाला
ताई, दोन टाळ्या वाजवणारी पोरं बरोबर आहेत. टाळीला लांबी नसते. तुम्ही 'दोन' म्हणालात, त्यांनी दोन दिल्या. दुसरं करणार काय बिचारी?

मी व्हायोलिन शिकवतो, तिथे गज ओढत राहावाच लागतो, म्हणून हा घोळ कमी होतो. पण दुसरा एक घोळ माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला. मुलं 'एक' म्हणताना स्वर धरायची आणि 'दोन' म्हणताच सोडून द्यायची. मला वाटायचं, घाई करतात. एकदा एका मुलीला विचारलं, का सोडलास? म्हणाली, "दोन झाले ना!" तेव्हा ट्यूब पेटली. ठोका म्हणजे एक क्षण आणि मात्रा म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर, आणि आपण दोन्हींना बिनदिक्कत 'बीट' म्हणतो. 'दोन' ऐकू येतं तेव्हा एकच मात्रा संपलेली असते, दुसरी तिथून सुरू होते. हाफ नोट 'तीन'च्या ठोक्यापर्यंत जाते. म्हणून मी आता 'एक, दोन, सोड' असं मोजायला लावतो. नंतर 'सोड'च्या जागी पुढची नोट येते.

तुमच्या कीबोर्डवर हे आणखी सोपं आहे. पियानोचा आवाज बदलून ऑर्गनचा लावा. पियानोचा स्वर आपोआप विरत जातो, त्यामुळे तो नेमका कुठे संपला ते लहान कानाला कळत नाही. ऑर्गनचा पट्टी दाबलीय तोवर तसाच वाजतो, सोडली की गप्प. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) 60 वर ठेवा, सेकंदाला एक ठोका.

टाळीच हवी असेल तर हाफ नोटला एकदा वाजवून हात तसेच जुळलेले ठेवायचे आणि दुसऱ्या ठोक्याला नुसते हलवायचे. 'ता-आ'बद्दल माझा थोडा वेगळा अनुभव: 'आ'वर मुलं नवा धक्का देतात, परत दोन नोटा होतात. त्यापेक्षा हाक मारायला सांगा. 'ये' आणि 'येऽऽ' यांतला फरक कुठल्याही मुलाला समजावून सांगावा लागत नाही.

चकती मात्र विसरा. तिचे तुकडे सगळे एकदम समोर दिसतात, स्वर एकामागून एक येतात. त्याऐवजी कागदाच्या पट्ट्या कापा: होल नोटला 16 सेंटिमीटर, हाफला 8, क्वार्टरला 4, एट्थला 2. पट्टीवरून बोट सरकवत गायचं, पट्टी संपली की तोंड बंद.

दीडमात्रा
'येऽऽ' चोरतोय. 😄 एक पुरवणी: 'अर्धी' ती होल नोटच्या अर्धी, ठोक्याच्या नव्हे. आणि 'क्वार्टर म्हणजे नेहमी एक' असं पक्कं करून ठेवू नका. सुरुवातीला लिहिलेल्या तालाच्या आकड्यांत (4/4, 3/4) खाली 4 असेल तोवर ठीक, पण 6/8 आलं की एट्थ मोजायला लागते आणि क्वार्टर दोनची होते. इंग्लंडातली नावं घेतलीत तर आणखी गंमत: ब्रीव्ह शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये, अर्थ 'आखूड', आणि आज ती होल नोटच्याही दुप्पट लांब!

काळीपांढरी
आजच्या तासाला ऑर्गन आणि 'एक, दोन, सोड' केलं. तिघांना दहा मिनिटांत जमलं. चौथा 'सोड' इतक्या जोरात ओरडतो की पुढची नोट वाजवायचीच राहते, पण हात बरोबर वेळेला उचलतो. पट्ट्यांना मात्र उशीर झाला, कारण एकाने 8 सेंटिमीटरच्या पट्टीला 4 ची चिकटवून विचारलं, "अशी तीनवाली नोट असते का?" मी फळ्यावर हाफ नोट काढून शेजारी ठिपका दिला. डॉटेड नोट दिवाळीनंतर घ्यायची ठरवली होती.