डेडलिफ्टला बार हातातून सुटतो, कोणती पकड घेऊ?

नमस्कार. दीड वर्षापासून नियमित डेडलिफ्ट (जमिनीवरचा वजनाचा बार उभं राहत उचलणं) करते आहे. ८० किलोचे पाच रेप (सलग पाच वेळा उचल) नीट होतात. ९५ ला मात्र पाठ आणि पाय ताजे असतानाच तिसऱ्या रेपला उजव्या हाताची बोटं उघडायला लागतात. आधी करंगळी सुटते, मग बाकीची. माझे हात लहान आहेत. सध्या दोन्ही हात पालथे ठेवून धरते आणि हातमोजे घालते. सगळे म्हणतात, एक हात उताणा कर, मिक्स्ड ग्रिप घे. पण ओळखीतल्या एकांची बायसेप्सची कंडरा अशाच पकडीत तुटली. तेव्हापासून तो हात उताणा करायला मन घेत नाही. स्पर्धेचा विचार आज नाही, पुढे होऊ शकतो. हुक ग्रिप, स्ट्रॅप (मनगटाला अडकवून बारभोवती गुंडाळायचा पट्टा), चॉक, यातलं आधी काय करू?

प्रतिसाद १

ताई, पकड बदलण्याआधी हातमोजे काढा. मोज्याच्या थराने बार जाड होतो, आणि लहान हातांना नेमकं तेच नडतं. नर्लिंगची, म्हणजे बारवरच्या खरबरीत खाचांची, खरखर थेट कातडीला लागली पाहिजे. मग चॉक, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. ते घाम शोषून घेतं. जिममध्ये पूड चालत नसेल तर लिक्विड चॉक घ्या, पण हात पूर्ण वाळल्याशिवाय बार धरू नका.

आता बार हातात कुठे बसतो ते बघा. बरेच जण तो तळव्याच्या मधोमध दाबून धरतात. वजन वर आलं की तो खाली बोटांच्या मुळाशी सरकतो आणि जाताना कातडीची घडी ओढत नेतो. घट्टे तिथेच फाटतात. म्हणून सुरुवातीलाच बार बोटांच्या मुळाशी ठेवा, बोटं गुंडाळा आणि अंगठा बोटांवर दाबून बंद करा. सेट (सलग रेपची एक फेरी) झाल्यावर हात उघडून नर्लिंगची लाल खूण पाहा. ती चारही बोटांच्या मुळाशी एका रेषेत हवी. तुमची खूण करंगळीकडे पुसट आणि तर्जनीकडे गडद दिसली, तर करंगळी आधी का सुटते ते तुम्हालाच कळेल. पुढच्या सेटला करंगळीपासून बोटं आवळत या.

वॉर्मअप आणि हलके सेट कायम दोन्ही हात पालथे ठेवूनच करा. पकड त्यातच तयार होते. शेवटच्या सेटचा शेवटचा रेप वर १०-१५ सेकंद धरून ठेवा. एवढं महिनाभर करून बघा, मग पुढचं ठरवू.

प्रतिसाद २

मिक्स्डची भीती समजते, पण धोका कुठे आहे तेही समजून घ्या. दोन्ही हात पालथे असले की बार एकाच दिशेने, बोटांच्या टोकांकडे लोळतो. एक हात उताणा केला की तो लोळू शकत नाही, म्हणून जास्त वजन टिकतं. कंडरा जाते ती उताण्या हाताची, आणि विशेषतः कोपर वाकलेलं असताना. हाताने ओढायला गेलं किंवा ढिल्या हातांनी हिसका दिला, की तो सगळा ताण बायसेप्सवर येतो. कोपर पूर्ण सरळ ठेवायचं, आधी बारमधला ढिलेपणा काढायचा, म्हणजे वजन उचलण्याआधी बार हलकेच ओढून ताणून घ्यायचा, आणि मग पायांनी जमीन ढकलायची. उताणा हात दर सेटला बदला. पण हे सगळं फक्त जड सेटपुरतं.

प्रतिसाद ३

माझं मत हुक ग्रिपला. वेटलिफ्टिंगवाले हीच वापरतात. दोन्ही हात पालथेच राहतात, त्यामुळे बायसेप्सचा प्रश्न येत नाही आणि शरीर पिळलं जात नाही. अंगठा बारला चिकटवून आडवा ठेवायचा आणि तर्जनी व मधल्या बोटाने त्याला वरून कुलूप लावायचं. पहिले काही आठवडे दुखतं, खरंच दुखतं. ५०-६० किलोवर सुरू करा. सेट संपल्यावरही अंगठा बधिर राहत असेल तर त्या दिवशी थांबा.

लहान हातांना सगळ्यात मोठा फरक बारच्या जाडीने पडतो. महिलांचा १५ किलोचा बार २५ मिमीचा असतो, नेहमीचा २० किलोचा २८-२९ मिमीचा. जिममध्ये बारीक बार असेल तर आधी तो धरून बघा.

प्रतिसाद ४

स्ट्रॅपबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. त्यांना कमीपणा मानू नका. २०१६ साली ब्रिटिश स्ट्राँगमॅन एडी हॉलने डेडलिफ्टला ५०० किलो उचलले तेही स्ट्रॅप लावूनच. पण पॉवरलिफ्टिंग स्पर्धेत स्ट्रॅप चालत नाहीत. तुमच्या मनात स्पर्धा आहे, तर जड सेट हातांनी करा आणि पाठीसाठीचे नंतरचे जास्त रेपचे सेट स्ट्रॅपने. आठाच्या आकाराचे घेऊ नका. तोल गेला तर त्यातून हात पटकन सुटत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच आठवडे झाले. हातमोजे बंद, लिक्विड चॉक सुरू. खूण पाहिली तर खरोखरच करंगळीखाली जवळजवळ काही नव्हतं. आज ९५ चे पाचही रेप दोन्ही हात पालथे ठेवून झाले! मिक्स्ड एकदा करून पाहिली, पण उताण्या हाताकडची बाजू पुढे जाते. म्हणून ६० वर हुक ग्रिप सुरू केली आहे. दुसऱ्या सेटनंतर अंगठ्याची कातडी सोलल्यासारखी होते. टेप लावावी का?

प्रतिसाद ३

लावा. ताणली जाणारी कापडी टेप घ्या, गुळगुळीत प्लास्टिकची नको. अंगठ्याच्या सांध्यावरून एक-दोन वेढे पुरे. अंगठा वाकवून गुंडाळा, सरळ ठेवून गुंडाळली तर बार धरताना आवळते. नख निळसर दिसलं तर लगेच सोडून पुन्हा लावा. आणि मिक्स्डमध्ये बाजू पुढे जाते, तेव्हा त्या बाजूची काख आवळून बार पायाला घासत वर आणा, तो सरळ येईल.