इव्हँजेलियन: शिंजीला 'रडका' म्हणणं बरोबर आहे का? (१८ आणि २४ व्या एपिसोडचे स्पॉयलर आहेत)

निळी_छत्री
निऑन जेनेसिस इव्हँजेलियन ही जपानी ॲनिमे सिरीज काल रात्री संपवली, सव्वीसच्या सव्वीस एपिसोड, आणि डोक्यातून जातच नाहीये. १९९५ ची जुनी सिरीज म्हणून इतके दिवस टाळत होतो. ज्या मित्राने बघायला लावली तोच आता म्हणतो की शिंजीसारखा रडका हीरो दुसरा नाही, ऐन वेळी हातपाय गाळतो. मला हे पटत नाही पण त्याला नीट उत्तरही देता आलं नाही.

विशेषतः १८ वा एपिसोड. तीन नंबरच्या इव्हाचा (शिंजीसारखी पोरं आत बसून चालवतात तो महाकाय रोबोट) ताबा एंजलने (माणसांवर हल्ला करणारा राक्षस) घेतलाय, पाठीत पायलट बसतो तो प्लग चिकट तारांमध्ये अडकलेला शिंजीला स्पष्ट दिसतो आणि तो लढायचंच थांबतो. बाप विचारतो का लढत नाहीस, मरशील, तर हा म्हणतो माणूस मारण्यापेक्षा ते बरं. मग बाप कंट्रोल काढून घेऊन डमी प्लग (पायलटशिवाय इव्हा चालवणारी यंत्रणा) चालू करतो आणि पुढचं बघवत नाही. आत शिंजीचा वर्गमित्र तोजी होता आणि त्याचा पाय जातो. शिंजी स्वतः लढला असता तर एवढं झालं नसतं का? नकार देणं म्हणजे जबाबदारी झटकणं झालं का? खरंच मनापासून विचारतोय.

दुसरा_डाव
थोडं कडू लागेल पण तुझ्या मित्राचं अगदीच चूक नाही. 'रडका' शब्द मला आवडत नाही, पण काहीच न करणं हाही निर्णयच असतो ना. असुका पडलीये, रेई पडलीये, म्हणजे बाकीच्या दोन्ही पायलट गेल्या, त्याच्यामागे दुसरं कोणी उरलेलंच नाही. हा मेला तर एंजल सरळ पुढे जाणार आणि सगळे जाणार, आतला पायलटही वाचणार नाहीच. म्हणजे 'मी मरतो' म्हणताना तो फक्त स्वतःचा जीव देत नाहीये, सगळ्यांचा देतोय. हात धरून ठेवले असते, प्लग उपटायचा प्रयत्न तरी केला असता. मांगात, म्हणजे कॉमिकमध्ये, तर तोजी मरतोच. चौदा वर्षांचा आहे हे मान्य, वाईटही वाटतं, पण म्हणून त्याचं काहीच चुकलं नाही असं मला म्हणता येत नाही.

पावसाळी_खिडकी
प्लग उपटायचं म्हणतोस ते आपल्याला सोफ्यावर बसून सुचतं रे. त्याक्षणी त्याचा गळा आवळला जातोय आणि इव्हाला जे होतं ते त्याला स्वतःच्या गळ्याला जाणवतंय. आणि कंट्रोल रूममध्ये इतकी मोठी माणसं बसलीयेत, त्यातलं एकही म्हणत नाही की बाळा, तू हात धर, आपण पोराला बाहेर काढू. प्लग बाहेर फेकायची कमांड चालली नाही तसं गेंडोने, म्हणजे शिंजीच्या बापाने, लगेच जाहीर करून टाकलं की हा आता इव्हा नाही, तेरावा एंजल आहे, टार्गेट. शब्द बदलला की आतलं पोर कुणाला दिसेनासंच झालं, ते फक्त शिंजीला दिसत राहिलं.

अजून दोन गोष्टी परत बघताना लक्षात आल्या. एक म्हणजे आत तोजी आहे हे शिंजीला माहीतच नाहीये! त्याची वरिष्ठ मिसातो, तिला सांगायचं होतं पण तिच्याच्याने ते झालं नाही, असुका ऐन लढाईत सांगायला जाते आणि वाक्य अर्धवट असतानाच तिच्यावर हल्ला होतो. म्हणजे तो मित्रासाठी थांबलेला नाही. आत आपल्याएवढंच कुणीतरी आहे, एवढ्यावर तो मरायला तयार झाला. आणि दुसरं म्हणजे रेई. जी मुलगी कुठल्याच ऑर्डरला नाही म्हणत नाही, तिनेसुद्धा नेम धरलेला असतो आणि 'आत तो आहे' म्हणून ती कचरते आणि त्यातच पडते. तिला कोणी रडकी म्हणतं का?

शेवटचा_बाक
मी नेहमी नुसती वाचते, आज लिहितेय.

मी तेरा वर्षांची होते, आईबाबा वेगळे होत होते आणि एका खोलीत सगळ्या मोठ्यांसमोर मला विचारलं की तुला कोणाकडे राहायचंय. दोघंही समोर बसलेले. माझ्या मांडीवर दप्तर होतं आणि त्याचं बक्कल मी उघडत होते, बंद करत होते, उघडत होते, तो टकटक आवाज मला अजून आठवतो. तोंडातून शब्दच फुटला नाही. बाहेर आल्यावर कोणीतरी म्हणालं, केवढी घुमी पोरगी आहे, एवढं साधं सांगता येत नाही. माझं अंग गोठलं होतं हो. भीती हाताबाहेर गेली की माणूस लढतो किंवा पळतो तसाच कधीकधी जागच्या जागी थिजतो, ते काही कोणी ठरवून करत नाही.

म्हणून २४ व्या एपिसोडचा तो सीन मला सहन होत नाही. इव्हाच्या मुठीत कावोरू (शिंजीला जीव लावणारा मुलगा, जो एंजल निघतो), मागे बीथोव्हेनची नववी सिंफनी, आणि चित्र जवळजवळ मिनिटभर हलतच नाही. लोक म्हणतात तेव्हा पैसे संपले होते, असेलही, पण माझ्यासाठी ते मिनिट म्हणजे ते बक्कल आहे. असुका बिछान्याला खिळलेली, रेई आता पहिली रेई राहिलेली नाही, तोजी आणि केन्सुके हे मित्र निघून गेलेले, आणि जो एकटा त्याला प्रेमाने बोलला तोच म्हणतोय की मला मार. आणि १८ मध्ये निदान ती मूठ दुसऱ्याने वळवलेली असते, तो थांबा थांबा म्हणून ओरडत कंट्रोल ओढत असतो. इथे ओढून घ्यायला कोणी नाही, मूठ त्यालाच आवळावी लागते. म्हणजे 'काहीतरी कर' म्हणणाऱ्यांना हवं होतं ते त्याने केलं. मग त्यानंतर तो मोडला तर तेही चुकलंच का त्याचं?

दुसरा_डाव
@शेवटचा_बाक हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. @पावसाळी_खिडकी, तुझा रेईचा मुद्दा माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता आणि तो खोडताही येत नाही. सगळ्यांचा जीव पणाला होता हे मी अजूनही म्हणेन, पण तो हिशोब आधी गेंडोकडे मागायला हवा, मी उगाच पोराकडे मागत होतो.

निळी_छत्री
तोजी आत आहे हे शिंजीला माहीत नव्हतं, ही गोष्ट माझ्या नजरेतून साफ निसटली होती, मी सरळ धरून चाललो होतो की त्याला माहितीये. मित्राला आजच फोन करतो आणि दोघं मिळून १८ वा परत लावतो. आणि २४ च्या शेवटी तळ्याकाठी शिंजी म्हणतो जगायला कावोरूच हवा होता, तो माझ्यापेक्षा चांगला होता, त्यावर मिसातो म्हणते नाही, ज्याला जगायची इच्छा असते तोच जगतो, आणि हा फक्त एवढंच म्हणतो की तू फार थंड आहेस मिसातो. काल मला वाटलं होतं तो तिच्यावर उगाच चिडलाय.