ग्लास भरलेल्या नायलॉन ६ मध्ये रबर घालूनही पार्ट ठिसूळच

प्रश्न:
नायलॉन ६, ३० टक्के ग्लास (काचेचे तंतू). पार्ट स्क्रूच्या बॉसपाशी (स्क्रू बसतो त्या उभ्या नळीपाशी) तडकतो म्हणून तयार दाण्यांत १० टक्के साधं ईपीडीएम (एक रबर) घालून ट्विन स्क्रू एक्स्ट्रूडरवर (दोन स्क्रूंनी वितळवून मिसळणाऱ्या यंत्रावर) पुन्हा कंपाउंड केलं. इम्पॅक्ट (धक्का सोसण्याची ताकद) जेमतेम हललं, वर गेटजवळ (माल मोल्डमध्ये शिरतो तिथे) पापुद्रे सुटतायत. रबर वाढवू का?

उत्तर १:
नको, पापुद्रे वाढतील. साधं ईपीडीएम नायलॉनशी जुळत नाही. त्याचे मोठे थेंब गेटपाशी ताणले जाऊन थर होतात. मॅलेइक अनहायड्राइड ग्राफ्ट केलेलं (रासायनिक जोडलेलं) रबर घ्या. ते नायलॉनच्या अमाइन टोकाशी एक्स्ट्रूडरमध्येच बांधलं जातं, म्हणून थेंब बारीक फुटतात आणि परत एकत्र येत नाहीत. मात्र एसईबीएस (दुसरं एक रबर) वापरणार असाल तर सगळं ग्राफ्टेड नको. नायलॉन ६ मध्ये त्याचे कण ०.१ मायक्रॉनच्याही खाली जातात आणि इतक्या बारीक कणांनी चिवटपणा येत नाही. थोडं साधं एसईबीएस मिसळून कण ०.२ ते ०.५ मायक्रॉनवर आणा. सुरुवात ५ टक्क्यांपासून करा, कारण प्रत्येक टक्क्यामागे कडकपणा उतरतो आणि एमएफआय, म्हणजे वितळलेल्या मालाचा वाहतेपणा, हाही पडतो.

उत्तर २:
‘पुन्हा कंपाउंड केलं’ इथेच अर्धा घोळ आहे. आधीच तुटलेली ग्लास दुसऱ्यांदा स्क्रूतून गेली. शिवाय ९० भाग दाण्यांत १० भाग रबर म्हणजे ग्लास २७ टक्क्यांवर आली. कोऱ्या नायलॉनपासून सुरू करा: नायलॉन ८० अंशांवर वाळवून ओलावा ०.२ टक्क्यांखाली आणा, ते आणि रबर मुख्य हॉपरमधून द्या, ग्लास मात्र सगळं वितळल्यावर साइड फीडरमधून. खात्री हवी तर पार्टचा तुकडा ६०० अंशांवर जाळा. राखेच्या वजनावरून ग्लासचं प्रमाण कळेल. चिमूटभर राख पाण्यात पसरून मायक्रोस्कोपखाली तंतूंची लांबी मोजा. नुसता चुरा दिसला तर दोष रबराचा नाही.

प्रश्नकर्ता:
राख काढतो. तडा नेहमी बॉसच्या एकाच बाजूला जातो, गेटच्या विरुद्ध.

उत्तर ३:
मग ती वेल्ड लाइन आहे. बॉसचं भोक घडवणाऱ्या कोअर पिनला वळसा घालून दोन प्रवाह तिथे भेटतात आणि तंतू रेषेला समांतर झोपतात. तिला ओलांडणारा तंतू जवळपास नसतोच. तिथे रबराचा उपयोग थोडाच. गेट हलवा, किंवा ओव्हरफ्लो वेल (जादा माल जाण्याचा खड्डा) देऊन जोड बॉसबाहेर ढकला. आणि तुलनेचे नमुने मोल्डमधून निघताच सीलबंद पिशवीत ठेवा, नाहीतर हवेतला ओलावा पिऊन नायलॉन आपोआप चिवट होतं आणि श्रेय रबराला जातं.