संमतीचा घटस्फोट: दोघंही राजी असताना कोर्टात उभं राहायलाच हवं का?

मांजराकाठ
धाकट्या बहिणीचा घटस्फोट गेल्या महिन्यात झाला. भांडण नव्हतं. पोटगी, दागिने सगळं ठरलेलं, संमतीपत्रावर दोघांच्या सह्या. तरी ती आणि तिचा नवरा पुण्याहून लातूरला चार खेपा आले. एकदा साहेब रजेवर, एकदा बोर्डावर नंबरच आला नाही. बहीण कंत्राटी नोकरीत, प्रत्येक तारखेला दोन दिवसांचा पगार गेला. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकाच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो, मधे आमचे वडील मांडीवर डबा घेऊन. चारही खेपांना तो डबा कुणी उघडला नाही.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13ब मधली, म्हणजे संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज दिल्यापासून शेवटच्या सुनावणीपर्यंतची, सहा महिन्यांची वाट न्यायाधीश माफ करू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच सांगितलं. योग्य कारण असेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सिंग चालेल, आई-वडील किंवा भाऊ-बहीण बाजू मांडू शकतील, हेही त्याच निकालात आहे. मग आमच्या वकिलांनी "इथं नाही चालत" म्हणून विषय का संपवावा? माझं मत स्पष्ट आहे: लेखी संमती असेल तर हजेरीची सक्ती नको.

माजलगावची लेक
दादा, तुमच्या बहिणीच्या पाठीशी तुम्ही होता. माझ्यासोबत त्या दिवशी सासरचीच माणसं होती. कागद त्यांनीच करून आणला, "इथं सही कर, मोकळी हो" म्हणाले. मी केली. कोर्टात न्यायाधीश मॅडमनी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि मला एकटीला विचारलं, "यात काय लिहिलंय सांगा." मला सांगता येईना. मग त्यांनीच वाचून दाखवलं. मुलगा वडिलांकडे राहील असं त्यात होतं. मी तिथंच रडले. कागद पुन्हा लिहिला गेला. पोरगं आता सातवीत आहे, माझ्याजवळ. हजेरी नसती तर माझी सही हीच माझी संमती ठरली असती.

धारूर घाट
ताईंचं पटतं, पण आमच्याकडची गोष्ट ऐका. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी. माझ्या चुलत बहिणीचं मोडलं, तर ती भावासोबत कोयता लावून कर्नाटकात गेली. दिवाळीनंतर गेलेली टोळी उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते. तारीख पडली जानेवारीत. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर, खाडा केला की पैसे कापणार. ती आली नाही, पुढची तारीख पडली. अशी दोन वर्षं गेली. तिला मोबाईलवरून बोलू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

वकिली, परभणी
मोबाईलवर चेहरा दिसतो, कॅमेऱ्यामागं कोण उभं आहे ते दिसत नाही. म्हणून ती जिथं असेल तिथल्या जवळच्या कोर्टातून जोडून द्यावं, शेजारी कोर्टाचा माणूस असावा. उच्च न्यायालयाच्या व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या नियमांत याला जागा आहे. तसा अर्ज मात्र द्यावा लागतो, आणि आम्ही वकील तो देत नाही, हे मी मान्य करतो.

अजून एक. कोर्ट लांब पडतं म्हणून लोक बाँडवर सोडचिठ्ठी लिहून नोटरी करतात. त्यानं लग्न मोडत नाही. जुनी रूढी सिद्ध करता आली तरच कायदा ती फारकत मानतो. त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलेली माणसं माझ्याकडं येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो.

मांजराकाठ
ताई, तुमचं वाचून मी थोडा मागं येतो. पहिली विचारपूस समोरासमोर होऊ द्या. शेवटच्या हुकमाला तरी व्हिडिओ पुरे.

माजलगावची लेक
उलट करा, दादा. पहिल्या वेळी बाई भेदरलेली असते, कुणी सांगितलं तसं बोलते. मधल्या महिन्यांत तिला कळतं आपण काय सोडून दिलं. हुकूम होईपर्यंत संमती मागं घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये सांगितलंय. ती मागं घ्यायची तर समोर बसलेल्या माणसाला सांगायला हवं. म्हणून शेवटच्या तारखेला समोरच, नाहीतर वकीलसाहेब म्हणतात तसं कोर्टाच्या खोलीतून.

आणि धारूरचे भाऊ, बहिणीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात न्या. बाईला तिथं फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. मला माझ्या वकीलबाई तिथूनच मिळाल्या. कर्नाटकातून जोडून द्यायचा अर्ज त्यांच्याकडूनच लिहून घ्या, टोळी निघायच्या आधी.